दुसऱ्या ट्रेतलं बी

जयपूर, ५ मार्च १९६१

चि. विनया हीस अ. उ. आ. वि. वि.,

तुझा तरवड उगवला, दोन्ही ट्रेंत! तुझ्या बापाचं, श्यामकांताचं, बोलावणं येताच तू काम अर्धवट टाकून साताऱ्याला पळालीस. हा त्याचाच गुण. एका ट्रेतलं बी पॉलिशपेपरवर घासून, रात्रभर भिजवून पेरलेलं, आणि दुसऱ्यातलं तसंच कोरडं! नन्सच्या हाताखाली शिकले, तीस वर्षं शिकवलं, पण अर्ध्या वर्गाला उपाशी ठेवलं नाही. दुसऱ्या ट्रेतलं एकेक बी उकरून घासलं, भिजवलं, परत पुरलं. आता सगळी कशी डोलताहेत!

तुझी, (आभाराची वाट पाहणारी)
सुमित्राआत्या

सातारा, १० मार्च १९६१

ती. आत्यास सा. न. वि. वि.,

पत्र वाचून मी ओसरीवर मटकन बसले. आईला वाटलं, कुणी गेलं. गेलंच. आत्या, दुसऱ्या ट्रेतलं बी उगवायलाच नको होतं! तरवडाच्या बियांचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. न घासलेलं पडून राहतं, घासलेलं उगवतं, हे शेजारी शेजारी दिसलं तरच माझा प्रबंध. आता पुन्हा पेरा, महिनाभर थांबा. आणि बाबा म्हणतात, रामनवमीपर्यंत, म्हणजे पंधरा दिवसांत, प्रबंध झाला नाही तर जयपूर बंद, वैशाखात लग्न. बँकेतला मुलगा पाहूनही ठेवलाय.

रागावलेय, तरी तुझीच,
विनया

जयपूर, २२ मार्च १९६१

चि. श्यामकांतास अ. आ. वि. वि.,

उगवू नये म्हणून बी पेरतात, हे ऐकून बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. जन्म गेला मागच्या बाकावरच्या पोरांना पुढे आणण्यात, आणि भाची कळवते की मागचा बाक तिनं मुद्दाम ठेवला होता! असो. चूक माझी, हे वाक्य तुला पुन्हा वाचायला मिळणार नाही. टांगा करून शहराबाहेर कानोत्याला गेले, बांधाकडेच्या तरवडाच्या वाळक्या शेंगा तोडून आणल्या, दोन ट्रे नव्यानं पेरले. घासलेलं बी वर आलंय. दुसऱ्या ट्रेवरून जाता-येता हात शिवशिवतात.

आपण भावंडं एकाच मातीची. काही पडून राहिलेलं आपल्याला बघवत नाही. मी हात आवरलाय, तू तुझा आवर. उशीर माझ्यामुळे झाला, त्याची शिक्षा तिला देशील तर वैशाखात मी मांडवात येऊन बोलेन, आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. रविवारच्या गाडीत तिला बसवून दे.

लोभ आहे, तो टिकवणं तुझ्या हाती.

तुझी,
ताई

ता. क. दुसऱ्या ट्रेत अजून काही नाही. देवाची कृपा.