उरलेला एक भ्रूण

४ जानेवारी

"मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून ठरतं, आणि तेही त्याच्या हातात नसतं." मिरजेच्या शाळेत, दहावीला, जीवशास्त्राच्या बाई हे बोलल्या आणि फळ्याकडे वळून एक्स आणि वाय काढायला लागल्या. आम्ही मुली माना खाली घालून हसत होतो. घरी येऊन मी आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. आई तीन मुलींची. मी तिसरी. ती डाळ निवडत होती. "आजीपुढे बोलू नकोस," एवढंच म्हणाली.

आज दिवसभर ते वाक्य डोक्यात. नवऱ्याचा, श्रीचा, रिपोर्ट आला. त्याच्या वायचा एक तुकडाच नाही. जन्मापासून नाही.

आधीच्या दवाखान्यात ही तपासणी कुणी केलीच नव्हती. त्यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली, मोजकेच शुक्राणू मिळाले, त्यांतून तीन भ्रूण झाले. दोन माझ्यात ठेवले. दोन्ही राहिले नाहीत. तिसरा गोठवलेला आहे.

तपासणी आधी झाली असती तर काय वेगळं केलं असतं आम्ही?

५ जानेवारी

अण्णा नगरच्या नव्या डॉक्टरांकडे दोघं गेलो. बाहेरच्या खोलीत पाटी, तमिळमध्ये आणि इंग्रजीत: इथे गर्भलिंग तपासलं किंवा सांगितलं जात नाही. आम्ही तिच्याच खाली बसलो होतो.

डॉक्टर बाई तरुण आहेत. कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवलं. बाईच्या बीजात नेहमी एक्स. पुरुषाच्या शुक्राणूंत निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. शुक्राणू तयार व्हायला वायचा जो भाग लागतो, नेमका तो श्रीकडे नाही.

"मुलगी झाली तर तिला तुमचा वाय जातच नाही," त्या श्रीला म्हणाल्या. "मुलगा झाला तर हाच जाईल. जसाच्या तसा."

"म्हणजे त्यालाही हे सगळं..."

"बहुतेक. बाकी तो ठणठणीत असेल."

मी विचारलं, जो एक उरलाय तो कोणता आहे? त्यांनी पेनला टोपण लावलं. "ते आम्ही बघत नाही. कायदा आहे. आणि हा काही जिवावरचा आजार नाही."

येताना मेट्रोत श्री उभाच राहिला. जागा होती तरी.

६ जानेवारी

म्हणजे ठरलेलं आहे. आत्ता, या क्षणी, त्या गार टाकीत ते ठरलेलं आहे. फक्त कुणालाच माहीत नाही. प्रयोगशाळेतल्या कुणीतरी सूक्ष्मदर्शकातून बघत, जरा बरा हलणारा एक शुक्राणू सुईत ओढून घेतला आणि माझ्या बीजात सोडला. तो माणूस तेव्हा काय विचार करत असेल? जेवणाचा, बसचा. त्यालाही माहीत नाही त्यानं काय उचललं.

शाळेत आज मी सातवीच्या मुलांना हिंदीतलं लिंग शिकवत होते. दही पुल्लिंगी का, असं एकानं विचारलं. पाठ कर, म्हटलं.

१० जानेवारी

श्री बोलत नाही. पहाटे ओरगडमची कंपनी बस पकडतो, अंधार पडल्यावर येतो, जेवतो, टीव्हीसमोर बसतो. आवाज बंद करून.

आज मीच विषय काढला. डॉक्टर फेब्रुवारीत ठेवू म्हणतायत. माझ्या गर्भाशयातली गाठ वाढतेय, ती काढावी लागेल, मग कित्येक महिने थांबायचं, आणि माझं वय... 

तो म्हणाला, "राहू दे ना तो."

"राहू दे म्हणजे?"

"नको ठेवायला."

मी ताट उचलून आत गेले. भांडी घासायला बाई येते, तरी घासली.

१५ जानेवारी

पोंगल. मैलापूरहून अम्मा आल्या. सासूबाईंना घरात सगळे अम्माच म्हणतात. त्या माझ्या धाकट्या दिरांकडे राहतात. ऊस, हळदीचं ओलं रोप आणि तंजावरकडच्या देवळातून कुणाकडून तरी मागवलेलं तूप. देवीपुढे ठेवलेलं. नवराबायकोनं दोघांनी रोज बोटभर खायचं.

"तूं एकली खाऊं नकोस गे. त्यालाही दे. विसरतो तो."

अम्मांची मराठी तंजावरची, जुनी. लग्नानंतर पहिलं वर्षभर मला निम्मी कळायची नाही. आता मला त्यांचं बोलणं माझ्या आईच्या बोलण्याइतकंच जवळचं वाटतं.

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची या घरात रीत आहे. पण अम्मा नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी नाही. मग नातवाला हाक कशी मारणार? त्यावर त्यांनी कधीचाच तोडगा काढून ठेवलाय. "मी अंबी म्हणेन. तुम्ही सगळे मोठं नाव घ्या."

मुलीसाठी नाव ठरलेलं नाही. विचारलं होतं एकदा. "ती आली कीं बघूं," म्हणाल्या. वाईट काही मनात नव्हतं.

श्रीनं बोटावर तूप घेतलं, खाल्लं, बोट चोखलं. लहान मुलासारखं. अम्मा समाधानानं बघत होत्या. त्यांना काहीच माहीत नाही. दोष माझ्यात आहे असं त्या धरून चालल्या, आम्ही कुणी नाही म्हटलं नाही. कुणी खोटं बोललं नाही. नुसतं बोललं नाही.

२१ जानेवारी

श्री अखेर बोलला. गच्चीत वाळत घातलेले कपडे काढताना.

तो कारखान्यात क्वालिटीला आहे. सुटे भाग तपासायचे, चुकलेले बाजूला काढायचे. कुठे किती चालेल, किती नाही, यातच त्याचं आयुष्य गेलं.

"दोष दिसत असताना मी भाग पुढच्या लाइनला सोडला, तर मला कुणी ठेवेल का कामावर?"

"मूल म्हणजे भाग नाही, श्री."

"म्हणूनच तर. भाग परत तरी घेता येतो."

मी म्हटलं, निम्मी शक्यता मुलीची आहे. तो म्हणाला, "आणि निम्मी?" मी म्हटलं, तोवर विज्ञान पुढे जाईल. तो हसला. चिमटे गोळा करत राहिला.

मग खाली बघत सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. पहिल्या दवाखान्यात त्याला डबी देऊन एका खोलीत पाठवलं होतं. खोलीला कडी नव्हती. बाहेर नर्स दुसऱ्या कुणाला तरी तमिळमध्ये सांगत होती, याला वेळ लागणार, पुढच्याला पाठव. मग तिनं दार वाजवलं. "त्या दिवसापासून मी कुठेही दार वाजलं की..." त्यानं दोरीवरची चादर ओढली.

"त्याला मोठा करायचा, शिकवायचा, लग्न लावायचं आणि मग त्या खोलीत पाठवायचं. आपल्याला आधीपासून माहीत असताना. तो विचारेल ना, माहीत होतं का म्हणून?"

कपडे अजून ओलसर होते. तसेच खाली आणले.

२९ जानेवारी

पद्माचं वळैकाप्पु, मैलापुरात. पद्मा श्रीची चुलत बहीण, सातवा महिना. आपल्याकडच्या डोहाळजेवणासारखंच, पण फुलांच्या वाडीऐवजी बांगड्यांचा मान. दोन्ही हात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्यांनी भरलेले. लाल, हिरव्या. ती हलली की वाजत होत्या. पोटातल्याला ऐकू जातं म्हणतात.

तिचं झालं, ती उठली, आणि अम्मांनी माझा दंड धरला. "बैस."

हीही इथलीच रीत. जिला मूल हवंय, तिनं त्याच पाटावर लगेच बसायचं, जागेची ऊब जायच्या आत. मी तीनदा बसलेय यापूर्वी. दरवेळी वेगळ्या मुलीच्या मागून. त्या सगळ्या मुली आता शाळेच्या फीबद्दल बोलतात.

बसले. अम्मा स्वतः बांगड्या चढवायला लागल्या. माझा हात आता जाड झालाय, एक फुटली. श्रीची चित्ती, म्हणजे अम्मांची धाकटी बहीण, मागून म्हणाली, "मिरजेच्या पाण्यांत तंबोरे होतात, मुलं होत नाहींत वाटतं." सगळ्या हसल्या. मीही हसले. खरं तर चांगला विनोद होता.

श्री दारात उभा होता, हातात पायसाचं भांडं. त्यानं ऐकलं. माझ्याकडे बघितलं, मग भांड्याकडे.

अम्मांनी शेवटची बांगडी सरकवली आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "येईल गे अंबी. मला ठाऊक आहे."

गाडीत श्री म्हणाला, "मी बोलायला हवं होतं."

"हो."

बराच वेळ सिग्नल लाल होता. मग तो म्हणाला, "इतकी वर्षं माझ्या वाटचं तू ऐकत आलीस. उद्या त्याची बायकोही अशीच पाटावर बसेल."

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. 

३० जानेवारी

बांगड्या काढाव्यात की नाही. शाळेत फळ्यावर लिहिताना वाजतात. पोरं मान वर करतात.

३ फेब्रुवारी

खरं लिहायचं तर मी मनात मुलगी मागते. मुलगी हवी म्हणून नाही. ती असली तर श्री स्वतःला माफ करेल म्हणून. आणि असं मागताना वाटतं, आपण कुणाला तरी नको म्हणतोय. टाकीत जो आहे तो मुलगा असेल, तर त्याचा बाप त्याला नको म्हणतोय त्याच्याच भल्यासाठी, आई गुपचूप नको म्हणतेय, आणि फक्त आजी त्याला हाक मारतेय, तीही चुकीच्या कारणासाठी.

देवाजवळ मागून काही बदलत नाही आता. बाकी बायका निदान आधी मागतात. माझं मागणं उशिरा पोचतंय.

८ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे एकटीच गेले. सोनोग्राफी. गाठ वाढलीय. "या पाळीला ठेवू या. नाहीतर आधी शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर मी तुम्हाला फार आशा लावणार नाही."

"आत्ता लावताय?"

त्या थोडं हसल्या. "थोडी. भ्रूण वितळवल्यावर तो तगला तर. तुमच्या अस्तरानं धरलं तर. मधेच सुटला नाही तर." तीन तर.

दोघांच्या सह्या लागतील म्हणाल्या. एकटीची चालणार नाही. मिस्टर का आले नाहीत? कारखान्यात ऑडिट आहे, असं सांगितलं. खोटं.

घरी येऊन तुपाचं झाकण उघडलं. पोंगलला श्रीनं जिथून घेतलं होतं तिथे खड्डा पडलाय, माझ्या बाजूनं जवळजवळ तसंच. तो रोज खातोय. मला न सांगता.

हे काय आहे? त्याला नको आहे, आणि तो तूप खातोय.

९ फेब्रुवारी

विचारलं. "अम्मांनी दिलंय म्हणून," म्हणाला. आणि मग, "सवय." मी आणखी काही ऐकायला थांबले होते. तो मोजे शोधायला गेला.

मी उगाच त्यातून काहीतरी काढू बघत होते.

१२ फेब्रुवारी

अम्मांचा फोन. पद्माला आधीच दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी झाली, लहान आहे, पण ठीक. "काचेच्या पेटींत ठेविलीय," अम्मा म्हणाल्या.  मग, "तुझं काय गे? सिनू कांहीं सांगत नाहीं." श्रीनिवासाचा अम्मांनी सिनू केलाय.

सांगावंसं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं: अम्मा, माझ्यात काही नाही. पण मग अंबीचं काय होईल? इतकी वर्षं वाढवलाय त्यांनी त्याला. पंचाहत्तरीच्या बाईला मी आता वाय समजावून सांगू?

"बघू, अम्मा," म्हटलं.

"बघ बघ म्हणत म्हातारी झालीस," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

१४ फेब्रुवारी

पाळी आली. डॉक्टरांना कळवलं. आजपासून गोळ्या. श्रीच्या समोरच पहिली घेतली. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. कशाची गोळी, विचारलं नाही.

मला त्याचं खोटं ठरवता येत नाही, हाच त्रास आहे. तो क्रूर असता तर भांडले असते. तो फक्त हिशेबानं बरोबर आहे, आणि मला तरीही हवंय. माझ्याजवळ दुसरं कारण नाही. हवंय, बस. त्याच्या बाजूला एक अख्खं आयुष्य आहे, जगून झालेलं. माझ्या बाजूला टाचणीच्या टोकाहून लहान काहीतरी.

आणि ठेवलं तरी राहील असं कुठे आहे? आधीचे दोन राहिले नाहीत. बहुधा हाही जाईल, आणि मग आम्ही दोघं ज्यावरून इतके दिवस एकमेकांना बघायचं टाळतोय ते सगळं... नुसतं एका दुपारचं रक्त.

२२ फेब्रुवारी

मंगळवारी डॉक्टरांनी दोघांना सह्यांसाठी बोलावलंय. उद्या त्याची सुट्टी. सकाळी तो कॉफी घेऊन बाल्कनीत बसेल, तेव्हा विचारणार. काय म्हणेल ते मला माहीत आहे. आवाज चढवणार नाही. कप खाली ठेवेल आणि "नको गं" म्हणेल, त्याच सुरात ज्या सुरात तो दुसरी पोळी नको म्हणतो. मग मी काहीच बोलू शकणार नाही. म्हणून शब्द आधीच लिहून ठेवते.

श्री, मंगळवारी माझ्याबरोबर चल. मुलगा असला आणि त्यानं एक दिवस विचारलं, तुम्हाला माहीत होतं का, तर हो म्हणू. दोघं मिळून म्हणू, त्याच्यासमोर बसून. मला दुसरं काही सुचत नाही. तू चल, आणि माझ्या सहीशेजारी सही कर.