न उतरता

१० ऑक्टोबर, सोमवार

बिर्थेचा फोन! सिक्स्टनची बायको. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "शुक्रवारी यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, भावोजी. त्याआधी येऊन जा." मी म्हटलं, "बघतो." फोन ठेवल्यावर आठवलं – तो कसा आहे हेही विचारलं नाही.

धाकटा भाऊ तो. बहात्तर वर्षांचा. समुद्रापलीकडे डेन्मार्कात, हेल्सिंगॉरला राहतो, बोटीनं वीस मिनिटं; एक बोट इकडून सुटते तेव्हा दुसरी तिकडून. त्याचं गाव माझ्या खिडकीतून दिसतं.

११ ऑक्टोबर, मंगळवार

नऊची बोट चुकली. स्टोव्ह बंद केलाय का बघायला दोनदा घरी परतलो – बंदच होता! दहाची मिळाली. पलीकडे लोक उतरले. मी बसून राहिलो.

कुणी हटकलं नाही. आम्ही इकडची, स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गची माणसं एका तिकिटावर हव्या तेवढ्या फेऱ्या मारतो, कोळंबीचा पाव खातो आणि न उतरता घरी येतो. आमची करमणूकच ती. त्यात एखादा म्हातारा उतरायला घाबरतोय, हे कुणाला कळणार?

चार फेऱ्या झाल्या. कोळंबी बाधली बहुतेक.

१२ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा तेच. बोटीवर कॉफी देणारी आनेली म्हणाली, "काय एव्हर्टकाका, समुद्र मोजायला घेतलाय का?"

"हवा छान आहे म्हणून आलो."

"धुकं आहे, काका! नाक दिसत नाही स्वतःचं!"

हसली. पण कप न मागता भरून दिला. मग मी सांगूनच टाकलं. अकरा वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीला सिक्स्टनला शवपेटी उचलू दिली नाही मी. "तू आता पलीकडचा झालास, हात लावू नकोस" – भर चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. तो टोपी हातात धरून दाराशी उभा राहिला.

आनेली टेबल पुसत म्हणाली, "मग माफी मागा की." जणू साखर मागायचीय!

काय बोलायचं ते लिहून बघितलं. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी. दोन ओळींपुढे जात नाही.

१३ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळ

उद्या ऑपरेशन. छाती माझीच धडधडतेय. गोळी घेतली. की दोन घेतल्या?

गुरुवार, दुपार

उतरलो! आनेलीनं माझ्या अंगावर कोट चढवला, जवळजवळ ढकललंच. बिर्थेनं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, ते घरात कुठायत! डॉक्टर पडून राहा म्हणतात, पण मंगळवारपासून रोज इकडून सुटणाऱ्या बोटीवर असतात. तुमच्याकडे यायला निघतात आणि तिकडे न उतरताच परत येतात."

तिच्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. तो चारच्या बोटीनं येईल म्हणाली. धक्क्यावर जाऊन उभा राहतो.