सायकलीचा छेल्लो भाव

गुरुवार, ५ फेब्रुवारी
हर्षदाने आज सायकल मागितली. नोकरी लागल्यापासून पोरीने पहिल्यांदाच काही मागितलं. साधी नाही, कार्बन ग्रॅव्हल. म्हणजे खडीमातीवर पळणारी, आणि लोखंडाची नाही. बावीस तारखेला, रविवारी, कालव्याच्या कच्च्या रस्त्याने शंभर किलोमीटरची राईड आहे. मागच्या वर्षी चाळिसाव्या किलोमीटरला चेन तुटली आणि ती टेम्पोत बसून घरी आली. दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. ती सायकल मीच घेऊन दिली होती, अर्ध्या भावात. सायकल चांगलीच होती. रस्ता खराब होता.
शब्द दिला: बावीसच्या आत सायकल दारात.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
जुनीच घ्यायचं ठरलं. इथेच सुरतेत, वेसू भागात कोणी चिंतनभाई आहे, कॅनडाला चाललाय. एक लाख दहा हजार मागतो. हर्षदा म्हणते, पप्पा, नवी सव्वादोन लाखांना आहे, याने तीन वर्षं जपून वापरलीय, भाव बरोबर आहे, देऊन टाका. पोरगी शिकली, पण धंदा नाही शिकली. मागितलेला भाव बरोबर असता तर सुरतेतले सगळे दलाल उपाशी मेले असते.
मी अमळनेरहून एक पिशवी घेऊन इथे डिंडोलीत आलो. तीस वर्षं झाली, कापड विणायचे जुने लूम घेतो, विकतो. शेडबाहेर उभा राहून नुसत्या आवाजावर सांगतो, आतला कुठला लूम आजारी आहे. सायकल ती काय!
संकल्प: सत्तर हजारांवर एक रुपया नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी
वेसूला जाऊन आलो. हर्षदाला नेलं नाही. तिला वस्तू आवडली की चेहऱ्यावर दिसतं, तिथेच दहा हजार जातात.
सायकल एका हाताने उचलली. नऊ किलो! चिंतनभाईला म्हटलं, शेठ, किलोला बारा हजार पडले की हो, माझा अख्खा लूम यापेक्षा स्वस्त जातो. तो म्हणाला, काका, हलकी आहे म्हणूनच महाग आहे. हसलो. सेलमधल्या साडीबद्दलही दुकानदार हेच सांगतो.
दहाच्या नाण्याने सगळा सांगाडा ठोकून ऐकला. कुठे भद्द आवाज नाही. पण मागचं चाक फिरवलं तर कटकटकटकट! बेअरिंग गेलेलं. लगेच तोंड वाकडं केलं, भाव न सांगता उठलो.
घरी हर्षदाला सांगितलं. ती हसून हसून खाली बसली. म्हणे पप्पा, त्या आवाजासाठी लोक जास्त पैसे देतात.
असेल. मी ते वाकडं तोंड मागे घेणार नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी
योजना पक्की. आमच्या धंद्यात स्वतः आधी भाव बोलत नाहीत. आधी दोन खोटी गिऱ्हाइकं पाठवायची. पहिला साठ म्हणेल, दुसरा पंचावन्न. विकणाऱ्याचा धीर सुटला की आपण सत्तर घेऊन जायचं, तो आपल्याला देव मानतो. असे कितीतरी लूम आणलेत.
पहिला: वाल्मिक, माझा मेहुणा. उंची हर्षदाएवढीच, त्यामुळे सायकल त्याच्या मापाची दिसेल. पोट दिसेल, पण त्याला इलाज नाही. डॉक्टरने त्याला वर्षभरापूर्वीच चालायला सांगितलंय, तो अजून विचार करतोय.
दुसरा: योगेंद्र, आमच्याच गल्लीतला कापड दलाल. खोटं बोलताना त्याचा आवाज आणखी गोड होतो.

बुधवार, ११ फेब्रुवारी
वाल्मिक जाऊन आला. पाच मिनिटांत आणतो म्हणून चक्कर मारायला नेली ती तासाने आणली. मी विचारलं, साठ बोललास का? म्हणे बोललो दाजी, पण धाप लागली होती, त्याला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मग म्हणाला, दाजी, असं वाटतं कोणीतरी मागून हळूच ढकलतंय.
याला मी भाव पाडायला पाठवला होता.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
योगेंद्रने काम चोख केलं. पंचावन्न बोलला. वर ठोकून दिलं की सुरतेच्या उन्हात कार्बन मऊ पडतो. चिंतनभाईने फक्त विचारलं, तुम्ही पण डिंडोलीचे का?
या 'पण'कडे योगेंद्रचं लक्ष गेलं नाही. माझं गेलं. पण योजना आता मध्येच थांबवणं बरं दिसत नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी
गेलो. म्हटलं, छेल्लो भाव बोलो. शेवटचा काय तो सांगा.
तो म्हणाला, एक लाख वीस.
म्हटलं, वाढला कसा? तर म्हणे, काका, महिनाभर कोणी फिरकलं नाही, या आठवड्यात डिंडोलीहून तिघं आले. एक भाई तर उतरायलाच तयार नव्हते. तुमच्याकडे या सायकलीला डिमांड आहे.
मी सत्तर बोललो. त्याने चहा पाजला.
मग आमचा नेहमीचा डाव: उठायचं आणि हळूहळू निघायचं. मागून हाक येतेच. लिफ्ट सोडून सहा मजले जिन्याने उतरलो, प्रत्येक वळणावर थांबत. खाली स्कूटरवर बसून राहिलो. अखेर तो गॅलरीत आला. मी मान वर केली. त्याने टॉवेल वाळत घातला आणि आत गेला.
सोमवारी फोन येईल.

मंगळवार, १७ फेब्रुवारी
फोनला रेंज आहे. दोनदा तपासली.
हर्षदा जुन्या सायकलला तेल घालत होती.

बुधवार, १८ फेब्रुवारी
निर्णय: एक लाख दहा देऊन टाकायचे. ही हार नाही. मूळ भाव मला पहिल्यापासून योग्यच वाटत होता.
दुपारी फोन केला. चिंतनभाई म्हणाला, काका, काल संध्याकाळीच गेली. ते उतरायला तयार नव्हते ना, ते भाई आले, एक लाख दहा दिले. त्यांना इतकी आवडली होती, मग मी पण जुन्याच भावात दिली.
उतरायला तयार नसलेले भाई. वाल्मिक! नव्या स्कूटरसाठी त्याने साठवलेले पैसे! फोन उचलत नाही.
मंगलाला सांगितलं, तुझ्या भावाने माझ्या पाठीत सुरा खुपसला. ती पोळी उलटत म्हणाली, तुम्हीच धाडं व्हतं ना त्याले, आते कसाले बोंबलतस?

शुक्रवार, २० फेब्रुवारी
वाल्मिककडे गेलो. सायकल पलंगाशेजारी, तो खाली गादीवर. पट्टा एक भोक आत गेलाय. म्हटलं, एक लाख पंधरा देतो, आत्ता. तो म्हणाला, दाजी, विकायची नाही.
म्हटलं, वीस.
म्हणे, नाही. पण भाचीला राईडला लागते ना? घेऊन जाऊ दे. भाचीकडून मामा काय भाडं घेणार?
विचार केला. म्हणजे सायकल मला शून्य रुपयांत मिळाली. आजवरच्या माझ्या कोणत्याही सौद्यात एवढा भाव पडलेला नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी, संध्याकाळ
झाली! शंभरच्या शंभर किलोमीटर. शेवटच्या वळणावर हर्षदा दिसायच्या आधी मला ती कटकटकटकट ऐकू आली. चांगला आवाज आहे.
उतरली, धुळीने लाल झालेली, आणि मेडल काढून सरळ मामाच्या गळ्यात घातलं. वाल्मिक भर रस्त्यात रडला.
परत येताना त्याला सहज विचारलं, सौदा करायला किती वेळ लागला रे? म्हणाला, दाजी, भाव विचारला, पैसे दिले, हात मिळवला. वरून त्याने हेल्मेट, पंप आणि दोन बाटल्या फुकट दिल्या. लोचो पण खाऊ घातला.
मला नुसता चहा दिला होता.
मामा-भाचीचा सायकलीसोबतचा फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरतोय. छान आलाय. मी त्यात नाही. काढायला कोणीतरी लागतंच.