खड्ड्यातून आलेला हुंकार

अहो ऐकलं का,

जिवंतपणी कधी तुमचं नाव घेतलं नाही, ते आता पत्रात काय घेणार! तुम्हीच फळीवर कोळशानं गिरवून घेतलेल्या अक्षरांत लिहितेय. आज दुपारी आपल्या करवतीच्या खड्ड्यात जे घडलं, ते दुसऱ्या कोणाला सांगू?

तुम्ही गेलात तेव्हा आपलं गाव मध्यप्रदेशात होतं, आता मुंबई राज्यात गेलं म्हणतात. खड्डा मात्र पवनारच्या वाटेवर होता तिथंच आहे.

आठवतं, तो खोदला तेव्हाचं? हिंगणघाटच्या बाजारातून दात झिजलेली जुनी करवत आणलीत आणि आठवडाभर कानस घासत बसलात. ओंडका उंच ठेवायला घोडी करायची, तर त्यासाठी लाकूड कुठून आणणार? म्हणून तुम्ही जमीनच खाली नेलीत: ओंडका खड्ड्यावर आडवा, करवत ओढायला एक जण त्याच्यावर उभा, एक खाली खड्ड्यात. धाम नदीच्या पुरात वाहून आलेली बाभूळ हा आपला पहिला ओंडका. त्याची पहिली फळी इतकी वाकडी निघाली, की शेळीसुद्धा तिच्यावर उभी राहीना!

वरची जागा कायम तुमची. "भुसा डोयात जाते, मी नाई उतरत खाली," असं म्हणून धाकट्या भावाला खड्ड्यात धाडायचात. भाऊजींचे डोळे सदा लाल. बरं नव्हतं हो ते.

रीत मात्र कडक होती तुमची. थांबून पुन्हा सुरू करताना वरच्यानं "चाल" म्हणायचं. खालून "हूं" आल्याशिवाय करवत खाली सोडायची नाही, कारण खालच्याचा हात पात्यापाशी असू शकतो.

तुम्ही गेल्यावर घरचे म्हणाले, मेल्या माणसाचं हत्यार नदीत बुडवावं. मी ऐकलं नाही. मग मी आणि पोरगी काय गाळ खाणार? भाऊजी वर चढले, मी तोंडाला पदर गुंडाळून खाली उतरले.

आज आंब्याचा ओंडका होता. भाऊजी पाचर ठोकायला थांबले, तेवढ्यात मी पाणी प्यायला बाहेर आले. त्यांना कळलं नाही, त्यांची नजर ओंडक्यावर आखलेल्या सुताच्या रेघेवर. त्यांनी "चाल" म्हटलं आणि खड्ड्यातून "हूं" आलं.

करवत खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. मी तांब्या धरून काठावर उभी, आणि खड्ड्यात कोणीच नाही! भुसा सरळ पडत नव्हता. मध्येच कुणाच्या खांद्यावर अडावा तसा अडून घसरत होता.

भाऊजींनी मला काठावर पाहिलं आणि ओंडक्यावरून बाहेर उडीच मारली. "वयनी, भाऊ हाये खाली! मले त्याचा आवाज कळत नाई काय? बुडवून टाका ते करवत. मी नाई येत आता!"

मी खाली उतरले. करवतीची खालची मूठ घामानं ओली होती. भीती वाटली, खरंच वाटली. मग रागही आला. जन्मभर ज्या खड्ड्याला नाकं मुरडलीत, त्यात आता उतरलात? माझ्या डोळ्यांत भुसा जातो म्हणून? पण माझा हात पात्याखाली असता आणि तुम्ही "हूं" म्हटलं असतं तर काय झालं असतं?

भाऊजी काही परत यायचे नाहीत. एकटीनं करवत चालत नाही आणि ती मी बुडवणार नाही. उद्या उजाडलं की मीच वर चढेन. बाई ओंडक्यावर उभी राहिली म्हणून गाव बोलेल, बोलू दे. मी "चाल" म्हणेन आणि थांबेन. वचन देते, तुमचा "हूं" आल्याशिवाय करवत खाली सोडणार नाही.

तुमचीच,
गिरजा