विमानाला चार तास

रियाध, १२ मार्च १९९८

दादा,

तुला आणि वहिनीला लांबनंच जयभीम. मी बरा हाय, डाळभात मिळतोय. बोअरचं पाणी टिकलंय का?

विमानाला किती वेळ लागतो, म्हणून तू विचारलंस. मुंबईला चार तास. तिथनं रातराणी धरली की सकाळी उचगावात.

का विचारलंस ते कळलं मला. डॉक्टर आईबद्दल काय म्हणाला, ते तू लिहिलं न्हाईस.

पासपोर्ट मालकाच्या कपाटात कुलपात हाय. माझ्या खोलीतल्या केरळवाल्याला बाप गेल्यावर तो महिन्यानं मिळाला. तसा प्रसंग आलाच, तर माझ्यासाठी माती थांबवू नकोस. पावण्यांना काय बोलायचं ते बोलू दे.

आईला मात्र चार तासच सांग.

तुझा धाकटा,
प्रसेनजीत