डब्यातील पावडरीबाबत एक ओळ लेखी मिळणेबाबत

प्रति,
मा. अन्न तपासणी अधिकारी,
अन्न तपासणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : आजारी बहिणीच्या पावडरीत जनुकीय बदल केलेल्या पिकांचे घटक आहेत काय व ते खाण्यास सुरक्षित आहेत काय, याचे लेखी उत्तर मिळणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र : "पदार्थाचे नाव व माहिती मागण्याचे कारण कळवावे."

महोदय,

संदर्भातील पत्र हिवाळ्याच्या सुरुवातीला माझ्या थोरल्या बहिणीच्या नावे आले. विचारणा तिने केली होती. तिला आता लिहिणे जमत नाही, म्हणून उत्तराचे काम तिने माझ्यावर सोपवले, आणि मी उत्तर दिले नाही. 'कारण' म्हणून काय लिहावे हे मला ठरवता आले नाही. मी छापखान्यात मुद्रिते तपासत आलो. दुसऱ्याच्या चुका चटकन दिसतात, स्वतःचे लिहायला बसलो की हात अडतो. मसुदे केले, फाडले, आणि हिवाळा संपला. आता उत्तर देतो.

१. पदार्थ : ताईच्या घशाला आजार आहे. घास गिळवत नाही, पातळ तेवढे उतरते. डॉक्टरांनी पाण्यात कालवून घ्यायची पावडर दिली आहे. डब्यावर सोयाबीनची प्रथिने, मक्याचा स्टार्च, खाद्यतेल, सोया लेसिथिन असे छापले आहे. पिके कोणत्या बियाण्याची, हे छापलेले नाही.

२. कारण : मी. दुपारी मी ताईला वाचून दाखवतो. एकदा जनुकीय बदल केलेल्या पिकांवरचा लेख वाचत होतो. मक्याला कीड लागू नये म्हणून मातीतल्या एका जिवाणूचे जनुक मक्यात घालतात, इथवर आलो आणि ताईने हात वर केला. "म्हणजे या डब्यात जंतू?" मी म्हणालो, तसे नव्हे, पण अगदीच तसे नव्हे असेही म्हणता यायचे नाही. तेव्हापासून ती डबा उघडू देत नाही. उकडलेल्या भाज्यांचे पाणी घेते.

३. नंतर मी मिळेल ते वाचले. मला समजले ते लिहितो, चूक असल्यास खोडावे. जनुके प्रत्येक भाजीत, फळात, धान्यात असतातच. आपण ती रोज खातो आणि ती इतर अन्नासारखीच पचतात. शुद्ध केलेल्या तेलात व स्टार्चमध्ये त्यांचा अंश जवळजवळ उरत नाही, सोयाच्या प्रथिनात थोडा सापडू शकतो. मंजुरीआधी अशा पिकांची तपासणी होते, आणि मंजूर झालेली पिके साध्या पिकांपेक्षा अधिक अपायकारक असल्याचे आढळलेले नाही. हे सारे ताईला सांगितले. ती म्हणाली, "तुझं काय ऐकायचं? दूध उतू गेलं तरी तू दोन्ही बाजू मांडत बसतोस." ताईला पाहायला घरी येणाऱ्या नर्सबाई हसल्या, मीही हसलो. मग त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतले. "काका, हसण्यावारी नेऊ नका. त्यांचा दंड माझ्या मुठीत मावतो."

४. ताईची सारी नोकरी एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर झाली. नोंद झालेला कागद तेवढा खरा, असे ती मानते. मी खोटेही बोलून पाहिले की कंपनीला विचारले, यात तसले काही नाही. ती म्हणाली, "जावक क्रमांक सांग."

५. तरी विनंती की आपण एक ओळ लिहून द्यावी. अक्षर ठळक असावे, तिची नजर अधू आहे. 'साधारणतः', 'उपलब्ध माहितीनुसार' हे शब्द रास्त असले तरी टाळावेत. ते घरात मी पुष्कळ वापरले आहेत. नियमात बसत नसल्यास कार्यालयातील कोणीही, शिपाईमामा आले तरी चालतील, येऊन "ताई, घ्या" एवढे म्हणावे. तेही न जमल्यास कोऱ्या कागदावर शिक्का मारून पाठवावा. हे लिहिताना लाज वाटते, पण खोडत नाही.

६. मसुदा आज सकाळी ताईला वाचून दाखवला. तिने त्यातले सगळे 'कदाचित' काढायला लावले. उत्तर लवकर येईल, असे मी म्हणालो. "अरे, मी त्या टेबलावर बसलेय. दुसऱ्या मजल्यावरून कागद खाली येईतो मी कुठली असायला?" मग म्हणाली, "तरी टाक. कागद गेला की पुढचं त्यांच्यावर. तोवर काम अडवून ठेवायचं नसतं. तू टाकून ये, मी दोन चमचे घेते." म्हणजे कागद जायचाच काय तो अवकाश होता. हे मी तिला हिवाळ्यात विचारले नाही.

उशिराबद्दल शरमिंदा असलेला,
आपला नम्र,
(अर्जदार बाईंचा धाकटा भाऊ)

दिनांक : टपालाच्या शिक्क्याप्रमाणे.

सोबत : डब्यावरील घटकांचा कागद, कापून.

ताजा कलम : टपाल कचेरीत उभ्याने लिहितो. नर्सबाईंचा आत्ताच फोन आला. मी परतायची वाट न पाहता ताईने चमचा मागून घेतला. तो गिळवला नाही. दुसऱ्यांदाही नाही. डॉक्टरांना बोलावले आहे. आपल्या उत्तराचा आता उपयोग होईल की नाही, मला माहीत नाही. तरी पाकीट चिकटवून पेटीत टाकतो आहे. घरी पाऊल ठेवताच ती विचारील, "गेला का?" तेव्हा मला हो म्हणायचे आहे.