खारट पाला

भोर
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

प्रिय श्रीपाददादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. थंडी पडायला लागली आहे. वहिनींचा गुडघा कसा आहे? शौनकला आशीर्वाद सांग. माझी शुभ्रा यंदा बारावीला आहे.

उद्या तुझ्या पुस्तकाचं प्रकाशन, तेही आपल्या भोरला. निमंत्रण मिळालं. त्यावर तेच फुलपाखरू आहे, गुलाबी, काळ्या किनारीचं, आणि खाली छापलंय, 'वेल्ह्याच्या देवराईतला दुर्मीळ रहिवासी'. फोटो झकास आहे. मागे जे निळं धूसर दिसतं, त्याला लोक आभाळ समजत असतील. ते आईचं लुगडं आहे, आमच्या परसात वाळत घातलेलं.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी आठव. आई अंथरुणाला खिळली होती आणि तिला माहेरचं पिलूचं झाड हवं होतं, खाडीकाठी वाढतं ते. दात घासायला त्याचीच काडी हवी, असा हट्ट. अमृतमामानं श्रीवर्धनहून एसटीनं, वरंध घाटातून, रोप मांडीवर धरून आणलं. चार दिवसांनी बघते तर पानांमागे हिरव्या अळ्या, पंगतीला बसल्यासारख्या. कितींचे कोष झाले, कुठला कधी उकलला, सगळं मी वहीत लिहीत गेले. सात फुलपाखरं निघाली.

भाऊबीजेला तू आलास. फोटो काढलेस, 'दोन दिवसांत देतो' म्हणून वही नेलीस. ओवाळणी घालायची मात्र विसरलास. आई खाटेवरून म्हणाली होती, "अरे श्रीपाद, हे आमच्या खाडीचं पाखरू. याच्या अळीला खारट पाला लागतो, हितं न्हाई जगायचं ते."

तू म्हणालास, "काकू, तुमचं आपलं काहीतरीच." आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावलास.

ज्या बाईनं तुझी आई गेल्यावर तुला सहा वर्षं जेवू घातलं, तिला तू माझ्यासमोर खुळ्यात काढलंस. अकरा दिवसांनी ती गेली. तू दिवसांना आला नाहीस. वेल्ह्याच्या देवराईत काम आहे म्हणालास. काम काय होतं, ते मला तुझा लेख छापून आल्यावर कळलं. परसापेक्षा देवराई शोभून दिसते, हे खरंच. माझं नाव लेखात कुठेच नव्हतं.

त्या सातांचं काय झालं, तेही तू कधी विचारलं नाहीस. त्यांनी त्याच एका रोपावर अंडी घातली. नव्या अळ्यांनी रोपाचं पान न् पान खाल्लं. मी कढीलिंब, कण्हेर, करवंद, जे मिळेल ते आणून पुढ्यात ठेवलं. एकीनंही तोंड लावलं नाही. आठवड्यात सगळ्या उपाशी मेल्या. त्यानंतर भोरमध्ये ते फुलपाखरू दिसलेलं नाही. वेल्ह्यात तर ते नव्हतंच.

आता माझी कबुली. रोप कुठून आलं, कुणी आणलं, हे वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहिलेलं होतं. वही तुला देण्याआधी ते पान मी फाडून ठेवलं. कॉलेजात माझा प्रकल्प तू स्वतःच्या नावावर दिला होतास, ते मी विसरले नव्हते. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. फुलपाखरांच्या माणसानं पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की अळी काय खाते.

तीन वर्षं गप्प बसले, ती माफ केलं म्हणून नाही. लेखाच्या वेळी बोलले असते, तर नजरचूक म्हणून तू सुटला असतास. मी पुस्तकाची वाट पाहत होते.

लेखात तू लिहिलंयस, अळी 'स्थानिक झुडपांवर' जगते. उद्या शुभ्रा पहिल्या रांगेत बसेल आणि उठून एवढंच विचारेल, "मामा, कुठलं झुडूप?" तिच्या हातात ते पान असेल. तिला फक्त वाचून दाखवायला सांगितलंय. मी घरीच आहे.

हे पत्र साध्या टपालानं टाकते आहे. तुला मंगळवारी मिळेल. म्हणजे रविवार होऊन गेलेला असेल.

रोप मेलं नाही. पुन्हा फुटलं, आता शुभ्राच्या खांद्याला लागतं. त्याचं एक पान पाकिटात घातलंय. चावून बघ. आई सांगत होती तेव्हाच चावलं असतंस, तर बरं झालं असतं.

तुझ्या काकूची मुलगी,
सुलक्षणा